गावातल्या मुलांसाठी सणासुदीचे ॲनिमेशनपट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विदर्भातल्या खेड्यांत शाळा, वाचनालय, बचत गट किंवा गणेश मंडळ मुलांना सुट्टीत ‘काहीतरी चांगलं’ दाखवायचं ठरवतं, तेव्हा तेच ते प्रश्न निघतात. कोणता चित्रपट, किती लांबीचा, कोणत्या भाषेत, लाईन गेली तर काय, परवानगी लागते का आणि पाहून झाल्यावर पुढे काय. हे पान त्या प्रश्नांसाठी आहे. दयाळूपणा, वाटून खाणं, अडल्यानडल्याला हात देणं अशा विषयांवरचे, सणाच्या निमित्ताने बनलेले छोटे ॲनिमेशनपट इथे डोळ्यांसमोर आहेत.

सणाचा विशेष ॲनिमेशनपट म्हणजे नेमकं काय?

हा प्रकार अमेरिकेतल्या टीव्हीवर रुजला. नाताळच्या आधी अर्ध्या तासाच्या किंवा तासाभराच्या वेळेत एकदाच दाखवायची स्वतंत्र गोष्ट, मालिकेचा भाग नव्हे. १९६४ मध्ये लाल नाकाच्या रेनडियर हरणाची, १९६५ मध्ये ‘अ चार्ली ब्राउन ख्रिसमस’ आणि १९६६ मध्ये सण चोरायला निघालेल्या ग्रिंचची अशा तीन गोष्टी लागोपाठच्या तीन वर्षांत आल्या आणि दरवर्षी पुन्हा दाखवायची रीत पडली. अर्ध्या तासाच्या वेळेतून जाहिराती वजा झाल्या की २५-२६ मिनिटं उरतात, म्हणून यातले पुष्कळ पट तेवढेच असतात. आपल्या कामाला ही लांबी फार सोयीची. शाळेचा एक तास ३०-३५ मिनिटांचा असतो आणि चौथीपर्यंतची पोट्टी सतरंजीवर तेवढाच वेळ नीट बसतात.

आपल्याकडे नाताळ घरोघरी नसतो. मग मुलांना यातलं काय कळणार?

बर्फ, धुराडं, रेनडियर, मोज्यात ठेवलेली भेट यातलं बरंच कळत नाही. पण त्याला पाच मिनिटांचा उपाय आहे, तो पुढे दिला आहे. मुळात सण नाताळचाच हवा असं नाही. डिसेंबरचा तो आठवडा विदर्भात आधीच भरलेला असतो. २० डिसेंबरला गाडगेबाबांची पुण्यतिथी, २४ ला साने गुरुजींची जयंती, २५ ला नाताळ आणि २६ ला बाबा आमटेंची जयंती. आमटेंचा जन्म १९१४ चा, हिंगणघाटचा. भुकेलेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी ही गाडगेबाबांच्या दशसूत्रीची सुरुवात मुलांना शाळेच्या भिंतीवर वाचून पाठ असते. त्याच आठवड्यात शाळा चालू असते, त्यामुळे मुलं गोळा करावी लागत नाहीत. नाताळची लांब सुट्टी बहुतेक जिल्हा परिषद शाळांना नसतेच.

दुसरी चांगली वेळ पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची, तान्ह्या पोळ्याची. मुलं लाकडी नंदी सजवून आधीच एका जागी जमलेली असतात. तिसरी भुलाबाईची. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली गाणी म्हणतात, खिरापत ओळखतात आणि वाटून खातात. वाटून खाण्यावरचा एखादा पट त्यात सहज बसतो.

दिवाळीची सुट्टी मात्र वाटते तितकी सोपी नाही. सोयाबीन निघत असतं, कापसाची पहिली वेचणी सुरू असते, थोडी मोठी मुलं आईबापासोबत वावरात असतात. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत भाऊबीजेनंतर मंडई आणि नाटकं सुरू होतात. नाटकाच्या रात्री आपला पडदा लावायचा नाही. कोणी येणार नाही, आणि येऊही नये.

चित्रपट निवडताना काय पाहायचं?

एकच प्रश्न विचारा: यात मदत करणाऱ्याने स्वतःचं काय दिलं? वेळ, खाऊ, मान, भीती, झोप, काहीही. काहीच न गमावता झालेली मदत मुलांना जादूसारखी वाटते, करून पाहण्यासारखी वाटत नाही. पुष्कळ सणपटांमध्ये चांगुलपणाच्या बदल्यात शेवटी भेटवस्तूंचा ढीग मिळतो. अशा गोष्टीतून मूल हिशेब शिकतं.

लाल नाकाच्या रेनडियरच्या गोष्टीत एक खोच आहे, ती दाखवणाऱ्याला ठाऊक असावी. सगळे त्याला हसतात आणि त्याचं नाक धुक्यात उपयोगी पडल्यावर जवळ करतात. म्हणजे उपयोगी पडला म्हणून तो आपला झाला. वर्गात एखादं दिव्यांग किंवा अडखळत बोलणारं मूल असेल, तर ‘नाक उपयोगी पडलं नसतं तर?’ हा प्रश्न विचारल्याशिवाय हा पट संपवू नका. विचारणार नसाल तर दुसरा पट घ्या. ग्रिंचच्या गोष्टीत उलट आहे. सणाचं सगळं सामान चोरीला गेल्यावरही गाव एकत्र येऊन गातं, आणि त्यामुळे चोराचं मन पालटतं. फारशी खेळणी नसलेल्या मुलांसमोर ही गोष्ट जास्त खरी उतरते.

पाचवी ते आठवीसाठी २०१९ चा ‘क्लाउस’ विचारात घ्या. पिढ्यानपिढ्या वैर असलेले दोन गट एका गावात असतात आणि पोरांच्या पत्रांमुळे ते वैर सैल होत जातं. ग्रामपंचायत निवडणुकीनंतर दोन पार्ट्यांत वाटलेल्या गावातल्या मुलांना यातलं काहीही समजावून सांगावं लागत नाही. लांबी दीड तासाहून थोडी जास्त, त्यामुळे मध्ये दहा मिनिटांची सुट्टी हवीच.

भारतीय काही आहे का?

आहे, आणि सुरुवात तिथूनच करावी. फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागाने १९५७ मध्ये डिस्नेत काम केलेल्या क्लेअर वीक्स यांच्या मार्गदर्शनाखाली ‘द बनियन डिअर’ बनवला. गाभण हरिणीचा जीव वाचावा म्हणून हरणांचा राजा तिच्या जागी स्वतः उभा राहतो, ही जातककथा. वरच्या कसोटीला याहून चोख उतरणारा पट सापडणं अवघड. दुसरा, विजया मुळे यांचा १९७४ चा ‘एक अनेक और एकता’. सुमारे सात मिनिटं, सोपी हिंदी, जाळ्यासकट उडणारी पाखरं आणि जाळं कुरतडणारे उंदीर. अंगणवाडीपासून सातवीपर्यंत कुठेही चालतो. दोन्ही सणपट नाहीत, पण मुख्य पटाच्या आधी लावायला उत्तम. उशिरा येणारी मुलं येऊन बसेपर्यंत सात मिनिटं निघून जातात.

कोणत्या वयाला किती वेळ?

अंगणवाडीच्या मुलांना ७ ते १० मिनिटं, एका वेळी एकच. पहिली ते चौथी २५-३० मिनिटं. पाचवीच्या पुढे दीड तासापर्यंत, मध्ये सुट्टी देऊन. सगळ्या वयाची मुलं एकत्र असतील तर लहानांच्या हिशेबाने लांबी ठरवा. मोठी मुलं छोटा पट कंटाळा न करता पाहतात. उलटं केलं की लहान मुलं रडायला लागतात, त्यांना घेऊन मोठ्या बहिणी उठतात आणि त्यांचा पट बुडतो. हे प्रत्येक गावात होतं आणि प्रत्येक वेळी मुलीच उठतात.

भाषेचं काय करायचं?

तीन मार्ग आहेत. पहिला, संवादच नसलेला पट. १९८२ चा ब्रिटिश ‘द स्नोमॅन’ २६ मिनिटांचा आहे, त्यात एक गाणं सोडलं तर शब्द नाहीत. ‘शॉन द शीप’चा २०२१ मधला अर्ध्या तासाचा नाताळ विशेषही असाच, मेंढ्यांची धावपळ कोणालाही कळते. स्नोमॅनच्या शेवटी बर्फाचा माणूस वितळतो, लहान मुलं खरोखर रडतात. त्यानंतर लगेच दिवे लावून घरी पाठवू नका. दहा मिनिटं बोलायला ठेवा.

दुसरा मार्ग हिंदी डबिंगचा. चौथीच्या पुढे चालतं. मेळघाटात घरात कोरकू किंवा गडचिरोलीत गोंडी, माडिया बोलणाऱ्या पहिली-दुसरीच्या मुलांना ते झेपत नाही.

तिसरा मार्ग मेहनतीचा, पण सगळ्यांत चांगला: जिवंत निवेदन. सातवी-आठवीतला एखादा मुलगा किंवा मुलगी माईक घेऊन पडद्याशेजारी बसते आणि गोष्ट आपल्या बोलीत सांगते. रीत अशी:

आधी पट दोनदा पूर्ण पाहायचा. दुसऱ्या वेळी वहीत मिनिट-सेकंद लिहून जिथे अर्थ अडतो तिथे खूण करायची. २५ मिनिटांच्या पटात अशा १५ ते २० जागा निघतात. प्रत्येक जागी एक-दोन वाक्यं, सगळं मिळून ६०० शब्दांच्या आत. याहून जास्त लिहिलं की निवेदन पटाच्या मागे धावू लागतं. वाक्य बोलीतलंच हवं: ‘त्याले भूक लागली व्हती, तरी त्यानं अर्धी भाकर देऊन टाकली.’ जे दिसतंय ते सांगायचं नाही, जे दिसत नाही ते सांगायचं. ‘तो पळतोय’ हे मुलांना दिसतंच. ‘तो घरी जाऊन रागे भरल्या जाईन म्हणून पळतोय’ हे सांगावं लागतं. मूळ आवाज बंद करू नका, तिसऱ्या हिश्श्यावर आणा. संगीत गेलं की पट मेला.

पट सुरू करण्याआधी काय सांगायचं?

पाच मिनिटं, तीन गोष्टी. एक, अनोळखी वस्तू: धुराडं म्हणजे चुलीचा धूर वर जाण्याची नळी, रेनडियर म्हणजे बर्फात गाडी ओढणारं हरीण, जसा आपला बैल. दोन, पात्रांची नावं, तीही तीन-चारच. तीन, एक काम: ‘कोणी कोणाला काय दिलं ते मोजा.’ बोटांवर मोजायचं काम असलं की गोंगाट निम्मा होतो. गोष्ट सांगून टाकू नका.

प्रोजेक्टर कोणता? ऑनलाइन मिळणारा लहान चालेल का?

बाहेर, उघड्यावर दाखवायचं असेल तर सहसा नाही. स्वस्त लहान प्रोजेक्टरच्या खोक्यावर हजारोंनी ल्युमेन (उजेडाचं माप) छापलेले असतात, पण तो आकडा एएनएसआय या प्रमाणित पद्धतीने मोजलेला नसतो. त्यांचा खरा उजेड बहुधा १०० ते ३०० एएनएसआय ल्युमेन. पूर्ण अंधाऱ्या खोलीत ५-६ फूट रुंद चित्राला तो पुरतो. रस्त्यावरचा एलईडी दिवा जरी पडद्यावर पडत असला तरी चित्र धुऊन निघतं. शाळेतले जुने प्रोजेक्टर बहुतेक ३,००० ल्युमेनच्या आसपासचे असतात, ते ८ फूट पडद्याला सहज पुरतात. कसे आहेत ते घेण्याआधी विचारून घ्या आणि संध्याकाळीच तपासा. दुपारी वर्गात तपासून कळत नाही.

तीस-पस्तीस मुलं असतील तर ४३ इंची टीव्ही पुरतो. प्रोजेक्टरच्या मागे धावण्याचं कारण नाही.

पडदा आणि बसण्याची मांडणी?

चुन्याने रंगवलेली, सपाट, सावलीतली भिंत सगळ्यांत चांगली. नसेल तर डबल बेडची पांढरी चादर दुहेरी करून. एकेरी चादरीतून उजेड पलीकडे जातो आणि चित्र फिकं पडतं. जुन्या फ्लेक्सची मागची बाजू पांढरी असेल तर तीही चालते, चकचकीत बाजू नको. चादरीच्या वरच्या आणि खालच्या काठात बांबू घाला आणि चारही कोपरे दोरीने ताणा. नुसती वरून टांगली तर वाऱ्याने चित्र फुगतं आणि लहान मुलांना त्यातच गंमत वाटते, मग गोष्ट गेली.

८ फूट रुंद चित्रासाठी प्रोजेक्टर साधारण ११ ते १३ फुटांवर येतो. पडद्याची खालची कड जमिनीपासून साडेतीन फूट वर हवी, कारण मुलं खाली बसतात आणि पुढच्यांची डोकी आड येतात. पहिली रांग पडद्यापासून १० फुटांवर, शेवटची ४० फुटांच्या आत. प्रोजेक्टर मुलांच्या मधोमध येत असेल तर टेबलाभोवती दोन्ही बाजूंना हातभर जागा मोकळी ठेवा, वायरवर ताडपत्री नको, चिकटपट्टी लावा. धावत लघवीला निघालेलं पोर वायरीत अडकणं हा सगळ्यांत नेहमीचा अपघात.

आवाज कमी का पडतो?

स्पीकर प्रोजेक्टरजवळ ठेवलेला असतो म्हणून. तो पडद्याच्या बाजूला, मुलांच्या डोक्यावरून जाईल असा चार-पाच फूट उंच ठेवा. ब्लूटूथने जोडू नका. आवाज मागे पडतो, ओठ आधी हलतात आणि शब्द नंतर येतात. साधी ऑक्स वायर (इअरफोनच्या भोकात लागणारी) वापरा. लाऊडस्पीकरचा भोंगा तर नकोच, त्यात संगीत फाटतं.

विजेचं काय? मध्येच लाईन गेली तर?

जाणार असंच धरून चाला. घरगुती इन्व्हर्टरची १५० एएच, १२ व्होल्टची बॅटरी म्हणजे कागदावर १,८०० वॅट-तास. त्यातले खरे हाती लागतात निम्म्याच्या आसपास. प्रोजेक्टर २८०, लॅपटॉप ५०, स्पीकर ६० मिळून ३९० वॅट होतात. बॅटरी चांगली असेल तर दोन तासांहून थोडं जास्त चालेल. तीन-चार वर्षांची असेल तर अर्ध्या तासाचा भरवसा धरा आणि पटही तेवढाच निवडा.

दिव्याचा प्रोजेक्टर अचानक बंद पडला की गरम दिवा थंड होईपर्यंत पुन्हा पेटत नाही, काही मिनिटं जातात. घाईने बटण दाबत राहिलात तर दिवा जाईल, आणि नवा दिवा स्वस्त नसतो. त्या वेळेसाठी एक गाणं किंवा कोडी तयार ठेवा. संध्याकाळी गावठाणातला व्होल्टेज उतरतो, त्यात प्रोजेक्टर बंद-चालू होत राहतो. आसपासच्या घरच्या पिठाच्या गिरणीची वेळ आधी विचारून घ्या. कोणाच्या खांबावर आकडा टाकून वीज घ्यायची नाही. ती चोरी आहे, आणि मुलांच्या गर्दीत ते उघडं तार म्हणजे जिवाशी खेळ.

फोनवर पट दिसतो, प्रोजेक्टरला लावला की आवाज येतो पण चित्र काळं. बिघाड कुठे?

बिघाड नाही. पैसे भरून पाहायच्या ॲपमधल्या चित्रपटांना नकलेपासून संरक्षण असतं. जोडणीतलं एखादं कन्व्हर्टर किंवा स्वस्त प्रोजेक्टर ते संरक्षण ओळखत नसेल तर ॲप चित्र पाठवतच नाही. वायरी बदलून फायदा नाही. ॲपमधून डाउनलोड केलेली फाइलही त्याच ॲपमध्ये चालते, पेन ड्राइव्हवर जात नाही.

पेन ड्राइव्हवरचा पट टीव्हीवर उघडत नसेल तर कारणं बहुधा तीनच. फाइल ४ जीबीपेक्षा मोठी आणि पेन ड्राइव्ह एफएटी३२ पद्धतीचा, त्यावर ती पूर्ण उतरतच नाही. चित्र एचईव्हीसी प्रकारातलं आणि टीव्ही जुना. किंवा चित्र दिसतं पण ध्वनी डीटीएस प्रकारातला असल्याने टीव्ही मुका राहतो. ७२०पी, एमपी४, एच.२६४ आणि एएसी ध्वनी ही जोडी जवळजवळ सगळीकडे चालते. मोबाइलच्या नेटवर थेट चालवण्याचा भरवसा धरू नका. संध्याकाळी सात ते नऊ गावातले सगळे फोन त्याच टॉवरवर असतात.

परवानगी लागते का?

कुठे दाखवता यावर आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ नुसार शैक्षणिक संस्थेच्या कामकाजात चित्रपट दाखवता येतो, अट अशी की प्रेक्षक म्हणजे त्या संस्थेतले विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि संस्थेशी संबंधित माणसंच. म्हणजे शाळेच्या आवारात, शाळेच्या मुलांना आणि पालकांना, शाळेचा कार्यक्रम म्हणून. तोच पट चौकात पडदा लावून अख्ख्या गावाला दाखवला की ही सवलत उरत नाही, तिकीट नसलं तरी. गणेश मंडळांची गल्लत इथेच होते. शिवाय ॲपचं सदस्यत्व घरगुती वापरासाठी असतं, ती अट वेगळी.

चौकातच दाखवायचं असेल तर मालकाची लेखी परवानगी घ्या किंवा मुदत संपलेला पट घ्या. भारतात चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षारंभापासून ६० वर्षं असतो. ‘द बनियन डिअर’ १९५७ चा, म्हणजे त्याची मुदत २०१७ अखेर संपली. ‘एक अनेक और एकता’ची २०३४ अखेरपर्यंत आहे. फिल्म्स डिव्हिजन २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली, त्यामुळे परवानगीचं पत्र आता महामंडळाला लिहायचं.

लाऊडस्पीकरसाठी पोलीस ठाण्याची परवानगी वेगळी. रात्री १० ते सकाळी ६ बंदच, आणि वस्तीत दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल. मुलांचा कार्यक्रम साडेआठच्या पुढे जाऊच नये.

कोणत्या वेळी सुरू करायचं?

डिसेंबरात नागपूरकडे साडेपाचच्या पुढे सूर्य मावळतो, सव्वासहाला पडदा लावता येतो. मे महिन्यात साडेसातच्या आधी नाही. गडचिरोलीत बुलडाण्यापेक्षा सुमारे पंधरा मिनिटं आधी अंधार पडतो, तेवढा फरक धरा.

जंगलाला लागून असलेल्या गावांत, ताडोबा-ब्रह्मपुरीकडे किंवा मेळघाटात, संध्याकाळचा कार्यक्रम ठेवूच नका. वाघ-बिबट्याच्या भीतीने पालक पाठवत नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे. तिथे दिवसा, खोलीत. खिडक्यांना काळी ताडपत्री किंवा दुहेरी गोणपाट लावा, दाराला सतरंजी. मात्र मे महिन्यात हे सकाळी सात ते साडेआठ एवढ्यातच. टिनाच्या खोलीत खिडक्या झाकून दुपारी साठ मुलं बसवणं धोक्याचं आहे, पारा पंचेचाळिशीला असतो. उन्हामुळेच आपल्याकडच्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात, म्हणून मेचे आणि जूनचे असे खोलीतले कार्यक्रम सगळे सकाळीच घ्या.

पावसाळ्यात, पोळ्याच्या सुमाराला, किडे. पडद्यावर अक्षरशः चिकटतात आणि भिंगासमोर नाचतात. पडद्यापासून वीस-पंचवीस फुटांवर बाजूला एक प्रखर पांढरा बल्ब लावून ठेवा, बरेचसे तिकडे जातात. घरी जाताना मुलांच्या प्रत्येक टोळीसोबत एक मोठा माणूस आणि एक बॅटरी. वाटेत साप असतात.

पट संपल्यावर ‘यातून काय बोध घेतला?’ विचारायचं का?

नको. उत्तर आधीच ठरलेलं असतं: ‘आपण सर्वांना मदत करावी.’ सगळा वर्ग एका सुरात म्हणतो आणि विषय तिथेच संपतो. त्याऐवजी मोजायला सांगितलं होतं त्याचा हिशेब घ्या: कोणी काय दिलं? मग, ते देताना त्याला काय वाटलं असेल? कोणी मदत नाकारली, आणि त्याचंही काही बरोबर होतं का? शेवटच्या प्रश्नावर खरी चर्चा होते.

त्यानंतर एकच काम, त्याच आठवड्यात संपणारं. उन्हाळ्यात पाखरांचं पाणी: १०-१२ इंची पसरट मातीचं भांडं, दोन इंच खोल, मध्ये एक दगड म्हणजे लहान पाखरू बुडत नाही. सावलीत, मांजर पोहोचणार नाही अशा उंचीवर. रोज पाणी ओतून टाकून भांडं घासायचं, नाहीतर शेवाळ आणि डास. इथेच बहुतेक उपक्रम मरतात. भांडी पहिल्या दिवशी चाळीस लागतात, दहाव्या दिवशी पाण्याने भरलेली चार उरतात. म्हणून चाळीस लावू नका, आठच लावा आणि एकेका भांड्याला पाच मुलांची पाळी लावा.

डिसेंबरात: वर्गात आठवडाभर गैरहजर असलेल्या, आईबापासोबत कापूस वेचायला गेलेल्या मुलाची वही कोणीतरी पूर्ण करून द्यायची. दिवाळीत फराळ वाटायचा असेल तर सगळ्यांनी आणलेलं एका परातीत मिसळा आणि सगळ्यांनीच खा. ‘गरीब मुलांना वाटप’ नको. आणि घेणाऱ्याचा फोटो काढायचा नाही, फळ्यावर मदत करणाऱ्यांची नावं आणि चांदण्याही नकोत. चांदणी लावली की दुसऱ्या दिवसापासून मुलं मदत शोधत फिरतात, म्हाताऱ्या आजीला नको असताना रस्ता पार करून देतात.

‘सांता आमच्या गावाले काऊन नाही येत?’ असं मुलाने विचारलं तर?

हसण्यावारी नेऊ नका. खेळणी न मिळालेल्या मुलाचा तो खरा प्रश्न असतो, आणि ‘तू चांगला वागलास तर येईल’ हे उत्तर तर क्रूर आहे. मग तो गरीब म्हणजे वाईट असा अर्थ काढतो. ‘ती गोष्टीतली आहे, जशी आपल्या गोष्टीतली म्हातारी भोपळ्यात बसून जाते’ एवढं पुरतं.

पालकांनी ‘हे परक्या धर्माचं कशाला’ म्हटलं तर?

आधी पालकांनाच दाखवा. बहुतेक आक्षेप न पाहता घेतलेले असतात. तरीही नको म्हणाले तर वाद न घालता जातककथेचा किंवा मेंढ्यांचा पट लावा.

मुलांनाच असा पट बनवता येईल का?

येतो, आणि तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी त्यासाठी जणू घडवलेलाच आहे. चाकं असल्याने तो पडत नाही, थोडा थोडा सरकवता येतो. रीत जुनीच, वस्तू किंचित हलवायची, फोटो काढायचा, पुन्हा हलवायची. १९६४ चा रेनडियरही जपानमधल्या कलाकारांनी अशाच बाहुल्या हलवून उभा केला होता.

सेकंदाला १२ फोटो धरा, म्हणजे एका मिनिटाला ७२०. पहिल्या वेळी एका मिनिटाच्या पुढे जाऊ नका. ‘स्टॉप मोशन स्टुडिओ’ या ॲपची मोफत आवृत्ती पुरते. ती आधीचा फोटो पुसट दाखवते, त्यामुळे किती हलवायचं ते कळतं. नंदी दर फोटोला अर्धा सेंटिमीटर सरकवला तर दोन फुटांचं टेबल सुमारे दहा सेकंदांत पार होतं. याहून जास्त सरकवला तर उड्या मारतो.

फोन दोन विटांच्या फटीत घट्ट बसवा आणि बटण हाताने दाबू नका, वायरच्या इअरफोनचं आवाजाचं बटण बऱ्याच फोनमध्ये फोटो काढतं. फोन विमान मोडवर टाका, मध्येच फोन आला की सगळं हलतं. उन्हाच्या उजेडात अजिबात नको. ऊन सरकतं, ढग येतो आणि चित्र लुकलुकतं. खिडक्या बंद करून ९-१२ वॅटचे दोन एलईडी बल्ब दोन बाजूंना लावा, फोकस आणि उजेड ॲपमध्ये कुलूपबंद करा. फोटो काढणाऱ्याने पांढरा सदरा घालू नये, त्याची झाक चित्रावर येते.

माणसं चिखलाची बनवाल तर काळी माती वाळून तडकते, दुसऱ्या दिवशी हात गळतात. तेलकट खेळमाती आणा, ती वाळत नाही. पण उन्हाळ्यात पंचवीस-तीस फोटोंत ती मऊ होऊन माणूस वाकतो, म्हणून आत तारेचा सांगाडा घाला.

गोष्ट एकाच मदतीची असू द्या. सजवलेल्या मोठ्या नंदीच्या रांगेत चाक तुटलेला एक लहान नंदी, आणि कोणीतरी स्वतःची रांगेतली जागा सोडून त्याच्यासाठी थांबतो. एवढ्याला एक मिनिट भरपूर होतं. आवाज शेवटी भरा, पंखा बंद करून, माईकवर रजई पांघरून. आणि नंदी ज्याचा आहे त्याला विचारून घ्या. संध्याकाळी त्याला तो घेऊन घरोघरी बोजारा (खाऊ-पैसे) मागायला जायचं असतं.